उपनगरातले लॅटिन

१ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईच्या उत्तरेकडील भाग वेगळा काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके ‘मुंबई उपनगर’ या नावाखाली एकत्र आले. या नावाचे ‘सबर्बन’ हे इंग्रजी रूप रेल्वेच्या वेळापत्रकापासून सरकारी पाट्यांपर्यंत सगळीकडे दिसते; परंतु ते रूप आणि मराठी रूप यांची घडण एकच आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लॅटिन भाषेत ‘उर्ब्स’ म्हणजे नगर आणि ‘सब’ म्हणजे खाली किंवा लगत, म्हणून नगरालगतचे ते सबर्बन. मराठीत ‘नगर’ या शब्दाला ‘उप’ हा उपसर्ग लागतो आणि तोच अर्थ हाती येतो. भाषाशास्त्रज्ञांच्या मते तर ‘उप’ आणि ‘सब’ ही एकाच प्राचीन शब्दाची दोन वेगवेगळ्या भाषांत टिकलेली रूपे आहेत. जुन्या मुंबईच्या मानचिन्हावर ‘उर्ब्स प्रिमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील पहिल्या मानाचे नगर, असे लॅटिन ब्रीद होते. त्यातला पहिला शब्द ज्याला कळला त्याला ‘अर्बन बँके’तला ‘अर्बन’ निराळा शिकावा लागत नाही, आणि सुसंस्कृत, शहरी रीतीच्या माणसाला इंग्रजीत ‘अर्बेन’ का म्हणतात हेही त्याला उमगते, कारण संस्कृतातही ‘नागर’ या शब्दाला हाच दुहेरी अर्थ आहे.

इंग्रजीचा शब्दसंग्रह वाढवण्यासाठी लॅटिन धातू शिकावेत, हा सल्ला स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत आणि मार्गदर्शक पुस्तकांत नेहमी दिला जातो. तो बहुधा अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून जसाच्या तसा उचललेला असल्यामुळे मराठी वाचकाला तो परकी आणि कंटाळवाणा वाटतो. पन्नास उपसर्ग, शंभर धातू, पाठ करा आणि पुढे चला, एवढेच त्यात असते. वस्तुतः धातू, उपसर्ग आणि प्रत्यय या तिन्ही गोष्टी शालेय व्याकरणातच शिकलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत इंग्रज मुलापेक्षाही सोपी जायला हवी, कारण इंग्रज मुलाला लॅटिन ही सर्वस्वी वेगळी भाषा म्हणून शिकावी लागते, तर मराठी मुलाच्या रोजच्या बोलण्यातच तिचे नातलग वावरत असतात.

इंग्रजीत लॅटिन इतके का, याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजी मुळात जर्मन, डच यांच्या कुळातली भाषा असून घर, पाणी, खाणे, येणे, जाणे यांसाठीचे तिचे घरगुती शब्द त्या कुळातलेच आहेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार आणि न्यायदान यांत फ्रेंच शिरली, आणि फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतून शब्दांची उचल केली. त्यामुळे आजच्या इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिनमधून, थेट किंवा फ्रेंचच्या वाटेने, आलेले आढळतात. परिणाम असा की एकाच गोष्टीसाठी इंग्रजीत दोन थर तयार झाले: घरात ‘फादर’ पण कायद्यात ‘पॅटर्नल’, पायाला ‘फूट’ पण पादचाऱ्याला ‘पेडेस्ट्रियन’, दाताला ‘टूथ’ पण दवाखान्याच्या पाटीवर ‘डेंटल’. मराठीतही ‘दात’ आणि ‘दंतवैद्य’, ‘पाय’ आणि ‘पादचारी’, ‘हात’ आणि ‘हस्ताक्षर’ असे दोन थर आहेत. घरगुती थर प्राकृतातून झिजून आलेला आणि विद्वज्जड थर संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. मराठीत संस्कृतचे जे स्थान, तेच इंग्रजीत लॅटिनचे.

पद्धतीचे मर्म एका धातूवरून स्पष्ट होते. संस्कृतातील ‘हृ’ या धातूचा अर्थ नेणे किंवा हरण करणे. त्याला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार असे एकमेकांशी वरवर काहीच संबंध नसलेले शब्द तयार होतात, आणि उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे ओढून नेतो असे जुन्या वैयाकरणांनी म्हणून ठेवले आहे. लॅटिनमधील ‘पोर्तारे’ या क्रियापदाचा अर्थही वाहून नेणे असाच आहे. आत आणणे म्हणजे ‘इंपोर्ट’, बाहेर नेणे म्हणजे ‘एक्स्पोर्ट’, पलीकडे नेणे म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’, परत आणून सांगणे म्हणजे ‘रिपोर्ट’, खालून उचलून धरणे म्हणजे ‘सपोर्ट’, देशाबाहेर घालवणे म्हणजे ‘डिपोर्ट’, आणि नेता येण्याजोगे ते ‘पोर्टेबल’. यांतले बरेच शब्द मराठी बोलण्यात आधीपासून आहेत. फक्त त्यांचे आपसातले नाते कोणी दाखवलेले नसते, आणि ते दिसले की ‘पर्पोर्ट’ किंवा ‘कंपोर्टमेंट’ असा अनोळखी शब्द समोर आल्यावर वाचक पूर्ण अंधारात राहत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी ‘पीएसआय’, म्हणजे पोलीस सब-इन्स्पेक्टर, हे पद सतत असते. ‘सब-इन्स्पेक्टर’ या शब्दाचे तुकडे केले तर सब, इन, स्पेक्ट आणि ऑर असे चार भाग पडतात, आणि ‘उपनिरीक्षक’ या शब्दाचेही उप, निर्, ईक्ष् आणि अक असे चारच भाग पडतात. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे आणि ‘ईक्ष्’ म्हणजेही पाहणे. ‘ऑर’ आणि ‘अक’ हे दोन्ही ‘करणारा’ या अर्थाचे प्रत्यय. ज्याने मराठी पदनाम घडवले त्याने इंग्रजी शब्दाचा प्रत्येक सांधा मोजून घेतला होता, हे उघड आहे. आता हाच ‘स्पेक्ट’ घेऊन पुढे गेले की मागे वळून आदराने पाहणे तो ‘रिस्पेक्ट’, खालून, म्हणजे चोरून, पाहणे तो ‘सस्पेक्ट’, पुढे पाहणे तो ‘प्रॉस्पेक्ट’, चहूकडे पाहून वागणारा तो ‘सर्कमस्पेक्ट’, आणि नुसताच पाहणारा तो ‘स्पेक्टेटर’, असा सारा परिवार ओळखीचा होतो.

‘सपोर्ट’ आणि ‘सस्पेक्ट’ या दोन शब्दांत ‘सब’चा ‘ब’ नाहीसा झालेला दिसतो, आणि इथे मराठी विद्यार्थ्याला शाळेतली व्यंजनसंधी उपयोगी पडते. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, उत् अधिक चार म्हणजे उच्चार, सत् अधिक जन म्हणजे सज्जन. पहिल्या शब्दाचे अंत्य व्यंजन पुढच्या व्यंजनासारखे होऊन जाते. लॅटिनमध्येही हेच घडते: नकारार्थी ‘इन’ला ‘लीगल’ जोडले की ‘इल्लीगल’, ‘रेग्युलर’ जोडले की ‘इर्रेग्युलर’, ‘मॉर्टल’ जोडले की ‘इम्मॉर्टल’. इंग्रज हे द्वित्त उच्चारत नाहीत, पण लिहिताना ठेवतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये जोडअक्षरे कुठे येतात हे मुलांना कोडे वाटते. ‘अकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम का, तर तो शब्द ‘अद्’, ‘कोम्’ आणि माप या अर्थाचा ‘मोदुस’ अशा तीन तुकड्यांचा आहे आणि दोन्ही सांध्यांवर व्यंजन दुप्पट झाले आहे. घरभाड्याच्या पाट्यांवर या शब्दाचे जे हाल होतात, ते पाहता एवढे व्याकरण दलालांनाही शिकवायला हरकत नाही.

या साम्याकडे लक्ष जाण्याची पहिली ठळक घटना मराठी मुलुखाच्या शेजारीच घडली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला; याच वर्षी जेझुइटांनी अंधेरीच्या मरोळ परिसरात बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आज सीप्झ उद्योगक्षेत्राच्या आवारात उभे आहेत. गोव्यात राहून स्टीफन्सने इथल्या भाषा आत्मसात केल्या, आणि २४ ऑक्टोबर १५८३ रोजी भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. त्यानेच पुढे मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्सच्या त्या पत्रानंतर, १५८५च्या सुमारास, फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने सहा ते नऊ हे आकडे, देव आणि सर्प यांसाठीचे संस्कृत व इटालियन शब्द सारखे असल्याची नोंद केली. मात्र संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, हा विचार विद्वत्सभेपुढे मांडण्याचे श्रेय कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत २ फेब्रुवारी १७८६ रोजी भाषण करणाऱ्या विल्यम जोन्सकडे जाते. १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात विल्सन व्याख्याने दिली आणि संस्कृतपासून मराठीपर्यंतची वाट आधुनिक भाषाशास्त्राच्या रीतीने उलगडून दाखवली.

एकाच पूर्वज भाषेपासून वेगवेगळ्या भाषांत आलेल्या अशा शब्दांना सगोत्र शब्द म्हणता येईल. ही बाब समजून घेताना एक सावधगिरी आवश्यक आहे: लॅटिन संस्कृतातून निघाली असे नव्हे आणि संस्कृत लॅटिनमधून निघाली असेही नव्हे, दोघी बहिणी आहेत आणि आई काळाच्या उदरात गेली आहे. ‘सगळे इंग्रजी शब्द मुळात संस्कृतच’ असे सांगणारे संदेश मोबाइलवर वरचेवर फिरतात. त्यांतली काही उदाहरणे खरी असली तरी निष्कर्ष चुकीचा असतो, कारण सगोत्र शब्द उच्चाराच्या ओझरत्या साम्यावर ठरत नाहीत, तर ध्वनिबदलाच्या नेमांवर ठरतात.

ते नेम विद्यार्थ्याच्या थेट कामाचे आहेत. संस्कृतात जिथे ‘श’ आहे तिथे लॅटिनमध्ये बहुधा ‘क’ असतो: दश आणि ‘देकेम’, शत आणि ‘केंतुम’, श्वन् म्हणजे कुत्रा आणि ‘कानिस’. या ‘क’चा उच्चार पुढे अनेक ठिकाणी ‘स’ झाला, म्हणून इंग्रजीत ‘डेसिमल’, ‘सेंच्युरी’ आणि ‘पर्सेंट’ हे शब्द आले. संस्कृतातला ‘अ’ लॅटिनमध्ये कधी ‘ए’ तर कधी ‘ओ’ असतो: दंत आणि ‘देन्त’, पद आणि ‘पेद’, नव आणि ‘नोव’. संस्कृतातल्या ‘ज’च्या जागी ‘ग’ असतो: जन आणि ‘गेनुस’, जानु म्हणजे गुडघा आणि ‘गेनु’. ‘जेनरेशन’, ‘जीन’, ‘जेनेटिक’ हे शब्द या ‘जन्’शी नाते सांगणारे. आणि संस्कृतातला ‘य’ लॅटिनमध्ये ‘य’च होता, पण फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना त्याचा ‘ज’ झाला. म्हणून युवन् आणि ‘जुव्हेनाइल’, युज् आणि ‘जंक्शन’. मराठीला याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण तिने स्वतःच यात्रेची जत्रा केली आणि योग्याचे जोगे केले. दिवा जंक्शनमधला ‘जंक्शन’, दोन वाक्ये जोडणारे ‘कंजंक्शन’, विवाहसंबंधाविषयीचे ‘कॉन्जुगल’ आणि बैलांच्या मानेवरचे जू, या सगळ्यांच्या मुळाशी जुंपण्याची एकच कल्पना आहे.

उपनगरी प्रवासात भेटणाऱ्या शब्दांपैकी सर्वांत सुपीक शब्द ‘स्टेशन’. लॅटिन ‘स्तारे’ आणि संस्कृत ‘स्था’ हे सगोत्र धातू असून दोहोंचा अर्थ उभे राहणे. गाडी जिथे उभी राहते ते स्टेशन आणि तेच स्थानक. दूर उभे राहणे हा ‘डिस्टन्स’, वाटेत आडवे उभे राहणारे ते ‘ऑब्स्टॅकल’, भोवती उभी असलेली परिस्थिती तो ‘सर्कमस्टन्स’, ढळत नाही ते ‘कॉन्स्टंट’, उभी केलेली ती ‘इन्स्टिट्यूट’ म्हणजेच संस्था. ‘परिस्थिती’ या शब्दातला ‘परि’ म्हणजे भोवती आणि ‘सर्कम’ म्हणजेही भोवती, हे एकदा ध्यानात आले की ‘सर्कमस्टन्स’चा अर्थ पुन्हा विसरणे कठीण. रेल्वेच्या पाट्यांवरचा दुसरा लॅटिन शब्द ‘टर्मिनस’. रोमन लोकांत ‘तेर्मिनुस’ हा शेताच्या सीमेवरच्या दगडाचा देव होता. सीमा, शेवट या अर्थाने तो कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला लागला, शाळेच्या ‘टर्म’ला लागला, आणि ‘डिटर्मिन’ म्हणजे सीमा आखून निश्चित करणे, ‘एक्स्टर्मिनेट’ म्हणजे सीमेपार हाकलून नामशेष करणे, या शब्दांतही शिरला. मुंबईच्या गल्लोगल्ली दिसणारा जंगली बदाम, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला ऐन, तसेच अर्जुन आणि हिरडा ही झाडे वनस्पतिशास्त्रात ‘टर्मिनालिया’ या एकाच प्रजातीत मोडतात, आणि त्या नावाचे कारणही तेच, की या झाडांची पाने फांदीच्या शेवटाला झुबक्याने येतात.

‘बस’ या शब्दाची कथा व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांसाठी खुल्या असलेल्या घोडागाडीला ‘ओम्निबुस’, म्हणजे सर्वांसाठी, असे नाव मिळाले. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व, आणि ‘बुस’ हा चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय. पुढे लोकांनी मूळ शब्द टाकून दिला आणि नुसता विभक्तिप्रत्यय ठेवला. हा प्रत्यय संस्कृतातल्या ‘भ्यः’चा सगोत्र आहे, म्हणजे आठवीत ‘सर्वेभ्यः’, ‘रामेभ्यः’ असे घोकणाऱ्या विद्यार्थ्याने त्यातला ‘भ्यः’ तेवढा रस्त्यावर धावताना पाहावा तसे हे झाले. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईतली पहिली मोटारबस धावली, तेव्हा तो प्रत्यय मराठीतही रुळला. टाकून दिलेला ‘ओम्नि’ मात्र इतरत्र शिल्लक आहे: सर्व काही खाणारा तो ‘ऑम्निव्होर’, सर्वत्र असणारा तो ‘ऑम्निप्रेझेंट’.

मुलुंड किंवा घाटकोपरच्या कोणत्याही इमारतीच्या जिन्याखाली लावलेला सूचनाफलक हा लॅटिनचा छोटा पाठ म्हणून वाचता येतो. ‘नोटीस’ हा शब्द ज्ञात असणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून त्याच्या मुळाशी ‘ज्ञा’चा सगोत्र धातू आहे, ‘रेकग्नाइज’ आणि ‘इग्नोर’ हीही त्याचीच अपत्ये. ‘अजेंडा’ म्हणजे करावयाच्या गोष्टी, संस्कृतातल्या ‘कर्तव्य’ किंवा ‘करणीय’ यांसारखेच एक कृदंत. ‘मेंटेनन्स’ म्हणजे हातात धरून ठेवणे, कारण ‘मानुस’ म्हणजे हात, आणि ‘मॅन्युअल’, ‘मॅन्युस्क्रिप्ट’, ‘मॅनिक्युअर’ हेही हाताचेच. ‘नॉमिनी’ म्हणजे ज्याचे नाव दिले तो. इथे ‘नोमेन’ आणि ‘नाम’ यांचे नाते न सांगताच कळते. ‘कोरम’ हे ‘ज्यांच्यापैकी’ या अर्थाचे षष्ठीचे रूप असून इंग्लंडातल्या न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या जुन्या लॅटिन आदेशातला तो शब्द पुढे ‘गणपूर्ती’ या अर्थाने रूढ झाला. ‘को-ऑपरेटिव्ह’ची फोड ‘सह’ आणि ‘कार्य’ अशीच होते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील ‘सहकारी’ हा शब्द तिला तंतोतंत उतरतो. राहता राहिली ‘सोसायटी’. तिच्या मुळाशी सोबती या अर्थाचा ‘सोकिउस’ हा शब्द असून तो संस्कृतातल्या ‘सखा’ या शब्दाचा सगोत्र आहे. पुनर्विकासाच्या प्रस्तावावर बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत बसलेल्या सभासदांना हे पटवून देणे अवघड जाईल.

शब्दांमागची कल्पनाही कधी दोन्ही संस्कृतींत एकच निघते, आणि तेव्हा शब्द कायमचा लक्षात राहतो. इंग्रजी लग्नपत्रिकेत ‘ऑस्पिशस ऑकेजन’ असे हमखास छापलेले असते. ‘ऑस्पिशस’ हा शब्द पक्षी या अर्थाचा ‘अविस’ आणि पाहणे या अर्थाचा ‘स्पेक’ यांपासून झाला आहे, कारण रोमन लोक पक्ष्यांचे उड्डाण पाहून शुभाशुभ ठरवत. संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचाही मूळ अर्थ पक्षी असाच आहे. निवडणुकीतला ‘कँडिडेट’ हा शुभ्र या अर्थाच्या ‘कांदिदुस’वरून आला, कारण रोममधले उमेदवार खडूने पांढरा केलेला झगा घालून मते मागत फिरत, या ‘कांद’चा सगोत्र ‘चंद्र’. मते मागत असे गावभर फिरण्यालाच लॅटिनमध्ये ‘अम्बितिओ’ म्हणत, त्यावरून ‘अँबिशन’ आला. महापालिकेच्या निवडणुकीत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत प्रचारफेरी काढणाऱ्यांना आपण दोन हजार वर्षांची परंपरा चालवत आहोत याची कल्पना नसावी.

लॅटिनचा काही अंश इंग्रजीच्याही आधी, पोर्तुगिजांच्या हातून, मराठीत आलेला आहे. चावी, पगार, कोबी, घमेले, पाद्री हे शब्द पोर्तुगीज असले तरी मुळात लॅटिन. ‘क्लाविस’ म्हणजे किल्ली, तिच्यापासून चावी आली तशीच बंद दाराआड पोप निवडणारी ‘कॉन्क्लेव्ह’ सभाही आली, आणि पगाराचे मूळ असलेल्या ‘पाकारे’ या क्रियापदापासूनच इंग्रजी ‘पे’ निघाला.

इतके सांगितल्यावर या पद्धतीच्या मर्यादाही नीट सांगायला हव्यात, कारण अर्धवट धातुज्ञान अज्ञानापेक्षा जास्त फसवते. पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्या इंधनाच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नकार एवढेच ज्याला माहीत आहे, तो याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावील. पण लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत, एक संस्कृत ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा सगोत्र असलेला नकारार्थी, आणि दुसरा ‘आत’ या अर्थाचा. टँकरवरचा ‘इन’ दुसरा असून शब्दाचा अर्थ भडकन पेटणारे असा आहे, आणि या घोळामुळे जीव जाऊ नये म्हणून अनेक देशांत ‘फ्लेमेबल’ हा बिनउपसर्गाचा शब्द मुद्दाम रूढ करण्यात आला. गृहकर्जाच्या कागदपत्रांतला ‘अमॉर्टायझेशन’ हा शब्दही असाच चकवा देणारा. ‘मोर्त’ म्हणजे मृत हे बरोबर, पण म्हणून ‘अमॉर्ट’ म्हणजे अमृत नव्हे. इथला ‘अ’ नकाराचा नसून ‘कडे’ या अर्थाच्या ‘अद्’चा अवशेष आहे आणि शब्दाचा अर्थ कर्ज हप्त्याहप्त्याने मारून टाकणे असा होतो. ‘मॉर्गेज’ म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये मृत तारण. वीस वर्षांचे हप्ते भरणाऱ्याला यातले काहीच अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

तिसरा धोका ग्रीकचा. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ हा लॅटिन पाय, तर ‘पेडियाट्रिशियन’मधला ग्रीक मूल, बालरोगतज्ज्ञाचा पायाशी संबंध नाही. चौथा धोका रंगतदार गोष्टींचा. ‘सॅलरी’ हा शब्द मिठाच्या ‘साल’वरून आला हे निर्विवाद, पण त्यावरून रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मोजून देत असत असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला भक्कम आधार नाही. धातू स्मरणाला आधार देतो. अर्थाचा निवाडा शब्दकोशाने आणि वापराने करायचा असतो.

अभ्यासाची रीत ठरवताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ साली निघालेले पुस्तक आजही मुंबईच्या पदपथांवरच्या पुस्तकांच्या ढिगात दिसते, आणि त्याच्या टिकण्याचे कारण असे की ते धातू सुटे देत नाही, एका धातूभोवती शब्दांचा परिवार उभा करून वाचकाला लगेच तो वापरायला लावते. याउलट अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांनी वर्षानुवर्षे पाठ केलेल्या ‘जीआरई’च्या याद्यांचे महत्त्व २०११ मध्ये एका फटक्यात घटले, कारण त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले गेले आणि वाक्याच्या संदर्भातून अर्थ ओळखण्यावर भर आला. सेमी-इंग्रजी वर्गांत विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर धातूंची ओळख शिक्षकाने त्याच तासाला करून द्यावी हे उत्तम: ‘कार्निव्होर’, ‘हर्बिव्होर’, ‘ऑम्निव्होर’ हे तीन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून शेजारी मांसाहारी, शाकाहारी, सर्वाहारी असे लिहिले की ‘व्होर’ म्हणजे खाणारा हे सांगावे लागत नाही, मूल स्वतःच सांगते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली असली तरी ही जोडणी सहसा पाचवी-सहावीच्या पुढेच फलदायी होते. त्याआधी मुलाने गाणी, गोष्टी आणि बोलणे यांतून शब्द ऐकलेले असावे लागतात, कारण जोडायला आधी काहीतरी हाती हवे.

आणि बोलण्याच्या इंग्रजीत लॅटिन फारसे कामाला येत नाही, ही शेवटची अडचण सर्वांत मोठी आहे. इंग्रज माणूस घरी ‘पोस्टपोन’ म्हणत नाही, ‘पुट ऑफ’ म्हणतो. ‘टॉलरेट’ म्हणत नाही, ‘पुट अप विथ’ म्हणतो. एका ‘पुट’ला निरनिराळी शेपटे लावून होणारे हे अर्थ कोणत्याही धातुपाठात सापडत नाहीत, ते ऐकूनच अंगवळणी पडतात, म्हणून धातूंच्या बळावर इंग्रजी शिकलेल्या माणसाचे लेखन बरेचदा सरकारी परिपत्रकासारखे जड होते. भारतीयांनी मात्र याच सवयीतून एक शब्द इंग्रजीच्या पदरात घातला आहे. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, त्यावरून पुढे ढकलणे ते ‘पोस्टपोन’. मग अलीकडे आणायचे असेल तर ‘प्री’ लावून ‘प्रीपोन’ का होऊ नये, असा सरळ हिशेब कार्यालयांतल्या कारकुनांनी आणि महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी केला. इंग्लंडमध्ये त्यावर बराच काळ हसू झाले, आणि मग ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने तो भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून नोंदवून घेतला.